लोकरीची वेल

पूर्णा स्टेशनाच्या मागच्या गल्लीत लग्न निघालं, की दारावर कावेरीच्या हातची लोकरीची वेल हवीच. आंब्यासारखी लांबट हिरवी पानं, मधून पोपटी कोंब, दोन्ही बाजूंनी खाली सुटलेले कुरळे तंतू. बघत राहावं असं काम! आणि गल्लीची रीत अशी, की जिनं वेल विणली तिनंच ती दाराला बांधायची. फक्त बांधणारी सवाष्ण पाहिजे.

घोडं पेंड खात होतं ते इथंच.

कावेरीचा नवरा गोविंदराव शाळामास्तर. रझाकारांच्या धामधुमीत ‘नांदेडला जाऊन येतो’ म्हणून गाडीत बसला, तो आलाच नाही. निजामशाही गेली, तुरुंगातली माणसं घरोघर परतली. ह्याचा ना निरोप, ना ठावठिकाणा. चार वर्षं झाली. आता बायकांची तोंडं कोण धरणार? पण कावेरीची सासू तानुबाई मोठी खमकी. “माझा लेक जिता हाय. कुंकू ठसठशीत लाव,” असं सुनेला रोज बजावायची. कुणी हळहळ दाखवायला आलं की त्याच्या अंगावर धावून जायची. त्या म्हातारीच्या जोरावरच कावेरी तगून होती.

शेजारच्या दिनकररावांच्या मुलीचं लग्न ठरलं, तशी त्यांची बायको अंबिका लोकर घेऊन दारात हजर. “वहिनी, वेल तुमीच करायची. बांधायचीबी तुमीच. कोण काय म्हणतंय ते मी बघते.”

कावेरीला आनंद झाला आणि धडकीही भरली. वेल बांधू दिली, तर चारचौघींत ती सवाष्ण ठरली. नाही दिली, तर नवरा मेला असं गल्लीनं तोंडावर सांगितल्यासारखंच. त्या काळजीनं विणताना हात घट्ट पडायचा, आणि घट्ट हाताची पानं चुरमडतात. ती उसवायची, परत घालायची. “जीव कशाला टांगायलीस? तूच बांधशील,” सासू म्हणायची.

लग्नाच्या सकाळी अंबिकेनं दारात स्टूल ठेवलं. कुणी चकार शब्द काढला नाही. खरं सांगायचं तर निम्म्या बायकांचं लक्षही नव्हतं, त्यांचं आपलं चहाचं चाललं होतं. कावेरी स्टुलावर चढली. वेलीचं एक टोक तिनं खिळ्याला अडकवलं.

“कावेरी, उतर खाली.”

आवाज तानुबाईचा होता.

“लोकाच्या लेकराचं लग्न हाय. विषाची परीक्षा कशाला? अंबिके, तू बांध.”

“अहो काकू, काय बोलायलाव?” अंबिका कळवळली. “वहिनीच बांधतील.” म्हातारी खाली बघून नुसती मान हलवत राहिली.

कावेरी उतरली. गल्ली बोलली असती तर ती भांडली असती, सासू पाठीशी होती म्हणून भांडली असती. आता कुणाच्या जिवावर भांडायचं? वेल अंबिकेच्या हातात देऊन ती सासूपुढं येऊन उभी राहिली.

“आत्याबाई, ते गेले असं तुमी कधीपासून धरून चाललाव?”

तानुबाईनं पदर तोंडात कोंबला, पण हुंदका काही थांबेना. वाजंत्री वाजायला लागली होती, आणि ती म्हातारी लेकासाठी पहिल्यांदा रडत होती.

“लग्नघर हाय, आत्याबाई,” कावेरी म्हणाली. “आपण घरी जाऊन रडू.” आणि तिचा हात धरून तिला घेऊन गेली.