काळी की माडग्याळी

दिवाळीनंतर भात झोडून झालं की माणदेशातले धनगर आंबेनळीचा घाट उतरून आमच्या खोऱ्यात यायचे. रिकाम्या खाचरांत त्यांची मेंढरं बसायची. शेताला खत मिळायचं आणि त्यांना भात-नाचणी. लग्न होऊन मी त्या घरात आले, तेव्हा मला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच. सकाळी दारात उभं राहिलं की दवानं भिजलेल्या लोकरीचा वास यायचा. पिल्लं आयांना हाका मारायची आणि त्या कालव्यात प्रत्येकीला आपलं पिल्लू बरोबर कळायचं. आता त्या खाचरांत सिमेंटची घरं झाली आहेत. धनगर येतात, पण हमरस्त्याच्या कडेनं निघून जातात.

संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा महाडपर्यंत पोचल्या होत्या, त्या सालची ही गोष्ट. घरात सासरे हैबती, त्यांना आम्ही मामंजी म्हणायचो. सासूबाई राहीबाई, त्या आत्याबाई. माझा नवरा भिकू शेती बघायचा आणि बापापुढं त्याला आवाज नव्हता. थोरले दीर भागोजी मुंबईला गोदीत होते. त्यांची बायको आवडी माझी जाऊ. मी तिला बाय म्हणायची. उंच, सावळी, मोठ्यानं हसणारी. आत्याबाईंना तिचं हसणं खपायचं नाही.

त्या पौषात बायला पहिली मुलगी झाली. शेजारच्या बनुबाई बघायला आल्या आणि म्हणाल्या, "पहिली बेटी, धनाची पेटी."

आत्याबाई म्हणाल्या, "पेटी आली गो, पण रिकामी."

मुलीचं नाव भागू ठेवलं. फाल्गुनात बायला हिवतापानं धरलं आणि ताप उतरला तेव्हा तिच्या छातीत थेंब उरला नाही. आमची म्हैस माघातच घटसर्पानं गेली होती. दोन गाई होत्या, पण कोकणातल्या त्या गाई, वासराला पुरेल इतकंच दूध. नाचणीची पेज भागूच्या पोटात ठरत नव्हती. वरच्या धनगरवाड्यावरच्या गवळी धनगरांकडं म्हशी होत्या, तिथून दूध यायचं. पण पाऊस लागला की मधला ओढा भरायचा आणि वाट बंद व्हायची. पावसाच्या आत घरात दुधाचं जनावर पाहिजे, नाहीतर पोर जगत नाही, हे सगळ्यांनाच दिसत होतं.

"म्हैस घ्या," बाय म्हणाली.

"पोरीसाठी म्हैस?" मामंजी हसले. "उद्या हत्ती मागशील."

शेळी स्वस्त होती, पण आमच्या घरात शेळी पाळत नसत. मामंजींच्या आज्यानं वाघजाईला कबूल केलेली शेळी बाजारात विकली होती. त्या पापासाठी घराण्याला बंधन पडलं होतं. मग मामंजींनीच मार्ग काढला. धनगर घाट चढायच्या आत त्यांच्याकडून दुभती मेंढी घ्यायची. मेंढीला काय, दोन मण भात दिलं की झालं.

आमच्या शेतात गोमाजी धनगराचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, बसला होता. त्याच्याकडं दोन जातींची मेंढरं. बहुतेक काळी, दाट लोकरीची, माणदेशी. आणि पाच-सहा उंच, लांब कानांची, फुगीर नाकाची, पांढऱ्यावर तांबूस डाग असलेली. ती त्यानं जत बाजूच्या माडग्याळहून आणलेली. त्यांच्या अंगावर लोकर नावाला, नुसते आखूड केस.

बाय आणि मी वाड्यावर गेलो. गोमाजीची बायको ठकूबाई पिल्लं पाजायला सोडत होती. तिनं दोन्ही जातींची एकेक मेंढी आमच्यापुढं पिळून दाखवली. काळीनं वाटीभर दिलं. माडग्याळी दीडपट तरी उतरली.

"दुधाचं सोड," ठकूबाई म्हणाली. "तुला पावसात जगणारी पायजे न्हवं? मग खरं सांगू का, दोन्ही नगो. आमी काय हौसंनं घाट चढतो व्हय? हितला पाऊस मेंढराला मारतो. लोकर भिजली की वाळत न्हाय, खुरं सडत्यात."

दरसाल ही मेंढरं वैशाखात परत जाताना आम्ही बघत होतो, आणि सगळ्यांना वाटायचं की धनगर आपली पेरणी करायला घरी जातात.

"मला नेलीच पाहिजे," बाय म्हणाली. "दुसरं काय नाय माझ्याकडं."

"मग ही डागाची ने. हिच्या अंगावरनं पानी निथळतं. कोरड्यात बांध, खाली राख टाक. जगंल तर हीच जगंल. आन् पिल्लू काढू नगोस तिचं. पिल्लू न्हाय तर पान्हा न्हाय."

बायनं घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. मामंजी ओटीवर सुपारी कातरत होते.

"माडग्याळीला लोकर नाय," ते म्हणाले. "मग घोंगडं कशाचं करू? काळीला दूध बी हाय, लोकर बी हाय. दसऱ्याला कातरू."

"पण दसऱ्यापर्यंत ती राहिली पायजे ना."

"धनगरणीनं सांगितलं आणि तू ऐकलंस. ठीक. आपण देवीला विचारू."

आमच्याकडं अडलेल्या गोष्टीचा निवाडा कौलावर व्हायचा. वाघजाईच्या पाषाणाला उजवीकडं एक आणि डावीकडं एक, अशा दोन कळ्या पाण्यानं चिकटवायच्या. प्रत्येक कळी एका बाजूची. जी आधी पडेल ती देवीची मर्जी. आता देवळात समई होती ती पाषाणाच्या उजव्या अंगाला. तिच्या धगीनं त्या बाजूचं पाणी आधी सुकायचं. मामंजींची सरशी व्हायची ती कायम उजव्या कळीनं. बांधाची भांडणं, सोयरिकी, सगळं त्यांनी असंच जिंकलेलं. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि कुणी कधी बोललं नव्हतं.

कोंडाजी गुरवानं कळ्या ओल्या केल्या. मामंजी म्हणाले, "उजवी काळीची, डावी डागाचीची."

मागून बाय बोलली. "मामंजी, काळीला डावी द्या."

कोंडाजीचा हात तसाच राहिला. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला.

"का गो?"

"देवीला डावी-उजवी सारखीच ना?"

मामंजींनी वळून तिच्याकडं नीट बघितलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "शाणी हायस," ते म्हणाले. "देवीला सारखीच. मग उजवी काळीला दिली तर तुझं काय जातंय?"

कोंडाजीनं कळ्या लावल्या. थोड्या वेळात उजवी पडली.

"देवीनं दिली," मामंजी उठत म्हणाले. "आता दूध आटलं तर मला नाय विचारायचं. तिला विचार."

काळी मेंढी आणि तिचं कोकरू आमच्या गोठ्यात आलं. गोमाजीचा वाडा घाट चढून गेला. जाताना ठकूबाई दारात आली, गोठ्यात डोकावली आणि कपाळाला हात लावून गेली.

ज्येष्ठाचे पहिले दिवस चांगले गेले. बाय पहाटे मेंढी पिळायची, कापसाच्या बोळ्यानं भागूला पाजायची. पोरीच्या मांड्यांना वळ्या दिसायला लागल्या. बाय पुन्हा हसायला लागली. मला म्हणायची, "बघ गो, माझी पोर मेंढीसारखी बें करते."

मग झड लागली. गोठ्याच्या भिंतींना पाझर फुटला. मेंढी बाहेर भिजली नाही तरी हवेनंच तिची लोकर ओली राहायची. बाय तिच्याखाली राख टाकायची, चुलीतले निखारे घमेल्यात घेऊन तिच्याजवळ बसायची. तरी लोकरीत बुरशीचा वास यायला लागला आणि पुढचे पाय टेकेनात. खुरांच्या बेचक्यात किडे झाले. दूध वाटीवरून अर्ध्या वाटीवर आलं.

बायनं आत्याबाईंची कात्री मागितली. "लोकर काढते. वारा लागंल तिला."

"दसऱ्याला कातरायची, ठरलंय," मामंजी ओटीवरून म्हणाले. "आता काढली तर बोटभर बी निघायची नाय. घोंगडं तुझ्या बापाच्या केसांचं विणू?"

बायनं रात्रीत विळ्यानं पोटाखालची लोकर कापली. सकाळी मामंजींनी बघितलं. त्यांनी फक्त भिकूला सांगितलं, "आजपासनं त्या जनावराला कोंडा द्यायचा नाय. जिनं कापलं ती चारंल." बाय आपल्या ताटातली भाकरी मेंढीला घालायला लागली. मी माझ्यातली अर्धी बायला द्यायची. मेंढी लंगडत का होईना उभी राहायची, कोकरू ढुशी मारायचं, पान्हा यायचा.

आषाढ संपत आला. आमच्याकडं आखाडाला मटण लागतंच. मामंजी गोठ्यात गेले, मेंढीकडं बघितलं, कोकराकडं बघितलं.

"ही काय वाचत नाय. हे तरी खाऊन घेऊ."

बाय त्यांच्या पायांवर पडली. "पिल्लू गेलं तर ती दूध चोरंल. मामंजी, पोर मरंल माझी."

"सारखं पोर-पोर. घरात दुसरी माणसं नायत काय?"

कोकरू कापलं. मसाला मीच वाटला. बाय जेवली नाही. आत्याबाई म्हणाल्या, "ताटावरून उठू नये सणाला," आणि तिच्या ताटातलं मटण मामंजींच्या ताटात वाढलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाय मेंढीखाली बसली. सड ओढून ओढून बोटं दुखली तिची. मेंढी मान वळवून कोपऱ्यात बघत होती आणि हाका मारत होती. तिसऱ्या दिवशी ती बसली ती उठली नाही.

त्याच दिवशी बायनं भागूला पोटाशी बांधलं आणि वर इरलं घेतलं. मी पुढं झाले. ओढ्याला कमरेएवढं पाणी होतं. एकमेकींना धरून कशा चढलो, ते पाय जाणोत. धनगरवाड्यावर धोंडूबाईच्या झोपडीत शिरलो. धोंडूबाई आमच्याकडं तूप घेऊन यायची. तिचं आपलं मूल पंधरा दिवसांमागं गेलं होतं आणि दूध अजून होतं. तिनं भागूला घेतलं आणि छातीला लावलं. आधी पोरीला ओढताच येईना. मग आलं. धुरानं भरलेल्या त्या झोपडीत बराच वेळ तेवढाच आवाज होता.

"हितं ठेव," धोंडूबाई म्हणाली. "खाली-वर करशील तर वाटंतच जाईल."

आम्ही दोघीच खाली आलो. आत्याबाई उंबऱ्यात होत्या. "पोर?"

"वर. धोंडूबाई पाजते."

"धनगरणीच्या अंगावर? आपल्या घरातली?"

मामंजींनी सुपारी तोंडात टाकली. "कुठली पोर? पोर गेली. ओढ्यापलीकडं पुरली. असंच सांगायचं." मग बायकडं बघून म्हणाले, "भागोजीला वेगळं सांगशील तर त्याला दुसरी करून देईन. कौल लावून."

घरानं सुतकाच्या आंघोळी केल्या. भागोजीला कार्ड गेलं. ते गणपतीला आले, डोळे पुसले, चार दिवस राहिले आणि गेले. बायनं तोंड उघडलं नाही.

दिवाळीपर्यंत बायला दिवस गेल्याचं कळलं. मामंजी महाडच्या बाजारातून म्हैस घेऊन आले, पहिल्या वेताची, काळीभोर. "नातू येतोय. घरात दूध पायजे."

बाय सकाळ-संध्याकाळ चरवी भरून काढायची. एकदा आत्याबाईंना म्हणाली, "आता भागूला आणू?"

"मेलेलं माणूस उंबरा ओलांडत नाय," आत्याबाई म्हणाल्या. "पोटातल्याला बाधेल."

ओढा उतरल्यावर धोंडूबाई तूप घेऊन आली. कडेवर भागू, गुटगुटीत, कानात काळा दोरा. आत्याबाईंनी तुपाचा वास घेतला, बोटानं चाखलं, भाव पाडला. मग पोरीच्या गालाला हात लावला. त्यांनी ओळखलं नसेल असं मला कधी वाटलं नाही.

"गोड हाय गो. कुणाची?"

धोंडूबाईनं बायकडं बघितलं. बाय चरवी घेऊन गोठ्याच्या दारात उभी होती. तिच्या पोटावर आत्याबाईंचा डोळा होता.

"माजी," धोंडूबाई म्हणाली.

"आवडे, पोरीच्या हातावर गूळ ठेव. आपल्या दारातनं रिकाम्या हातानं जाऊ नये."

बायनं गुळाचा खडा आणला. भागूनं तो मुठीत घेतला, बायकडं एकदा बघितलं, आणि अनोळखी माणसाला बघून पोरं करतात तसं धोंडूबाईच्या मानेत तोंड लपवून रडायला लागली.