मेन स्ट्रीटवरच्या तिरक्या रेघा

शनिवार, ३ जून २०१७, सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. मिलोव्ह गावच्या मेन स्ट्रीटवर, टपाल कचेरीपासून बँकेच्या कोपऱ्यापर्यंत, नव्या पांढऱ्या तिरक्या रेघांमध्ये बावीस गाड्यांची जागा होती आणि गाडी एकच उभी होती. ती माझी होती.

रेघा मीच आखल्या होत्या. टेक्निकल कॉलेजातून ड्राफ्ट्समनची पदविका घेऊन मी छत्तीस वर्षे कौंटीच्या रस्तेखात्यात काढली. त्यामुळे नगराध्यक्ष रॉइस, म्हणजे माझ्या बहिणीचा मुलगा, जेव्हा म्हणाला, "मामा, मेन स्ट्रीट मेलीय, काहीतरी करा," तेव्हा मी मोजपट्टी घेऊन बाहेर पडलो. रस्ता इतका रुंद होता की वाहने गाव न पाहताच पलीकडे निघून जात. रस्ता अरुंद केला तर वेग कमी होईल, आणि वेग कमी झाला तर माणसे थांबतील, हे उघड होते. म्हणून मी दोन्ही कडांना तिरके पार्किंग सुचवले, परंतु उलटे: गाडी जागेच्या पुढे न्यायची, थांबायचे, आणि मागे घेत आत शिरायचे. निघताना चालकाला समोरचा रस्ता स्पष्ट दिसतो आणि डिकी थेट फुटपाथकडे उघडते. कागदावर या योजनेत एकही दोष नव्हता.

त्या रस्त्यावरच्या सव्वीस दुकानांपैकी नऊ उघडी होती, आणि नववे बंद होण्याच्या बेतात होते. ती अ‍ॅडलीन सोबोत्काची बेकरी. मधोमध खसखस, जर्दाळू किंवा आलुबुखार भरलेले तिचे 'कोलाचे' नावाचे गोड पाव खाऊनच आमच्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या. शनिवारी चाळीस डझन खपले तरच भट्टी पेटवणे परवडे. आदल्या शनिवारी अकरा डझन खपले होते, आणि लिंकन शहरातला एक गृहस्थ भट्टी विकत घेऊन न्यायला तयार होता.

"लेबर डेच्या सोमवारच्या सुट्टीपर्यंत थांबते," ती मला म्हणाली होती. "सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी चाळीस झाले नाहीत तर मंगळवारी तो ट्रक घेऊन येईल. तुझ्या रेघांना तेवढं सांगून ठेव, मायलो."

साडेआठच्या सुमारास व्हर्जिल ब्रन्स आपला लांबलचक पिकअप घेऊन आला. व्हर्जिल माझा शाळासोबती. मका आणि सोयाबीनची शेती करणारा, आवाजाने मोठा. तो नेहमीप्रमाणे पिकअपचे नाक पुढे घालून सरळ आत शिरला, मग रेघांकडे पाहून गोंधळला.

"अरे, याचं तोंड कुठे आणि शेपूट कुठे?" तो खिडकीतून ओरडला.

"बाहेर काढ. पुढे जा, थांब, आणि मग मागे घे."

"मला मागे घ्यायला शिकवतोस? चाळीस वर्षं मक्याचा ट्रेलर मागे घेतोय मी!"

चार वेळा तो दोन जागांच्या मधोमध आडवा झाला. पाचव्या वेळी, पिकअपच्या मागचा ट्रेलर जोडायचा लोखंडी गोळा बागमंडळाने ठेवलेल्या फुलांच्या पिंपावर आदळला आणि ते पिंप गडगडत बेकरीच्या दारात गेले. पिठाने माखलेल्या हातांनी अ‍ॅडलीन बाहेर आली.

"व्हर्जिल, भूक लागली असेल तर दारातून ये की! पिंप कशाला पाठवतोस?"

टपाल कचेरीसमोर दोन बायका थबकल्या होत्या. त्या हसता हसता वाकल्या. व्हर्जिलने लाजेखातर एक डझन कोलाचे घेतले. त्या बायकांनी प्रत्येकी अर्धा डझन घेतले, आणि पुढची गाडी येईपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या.

पुढच्या शनिवारी व्हर्जिल साडेसातलाच आला. त्याने पिकअप मागच्या गल्लीत लावला होता. हातात घडीची खुर्ची होती. चार जुलैला स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीसाठी आम्ही फुटपाथच्या कडेला जशा खुर्च्या मांडतो, तशी ती त्याने बेकरीसमोर मांडली आणि कॉफीचा पेला घेऊन बसला.

"आज दुसऱ्यांची पाळी," तो म्हणाला.

जून संपेपर्यंत त्या फुटपाथवर खुर्च्यांच्या दोन रांगा झाल्या. कुणीतरी कागदी बश्यांवर आकडे लिहून आणले आणि प्रत्येक गाडीला गुण मिळू लागले.

"सहा!"

"सहा कशाचे? चाक रेघेवर आहे. चार दे."

"पाद्रीबुवांना दोन. वरून देव बघतोय म्हणून दोन, नाहीतर एकच होता!"

पाद्रीबुवांनी गाडीतून उतरून वाकून नमस्कार केला आणि खसखशीचे कोलाचे घेतले. दुपारी बाराला कुलूप लावणारा न्हावी तीनपर्यंत दुकान उघडे ठेवू लागला. बेकरीचा आकडा जुलैच्या मध्यावर तेहेतीसवर गेला.

मला मात्र झोप लागेना. जी योजना चालली नाही म्हणून रस्ता चालू लागला, ती यशस्वी म्हणायची की अयशस्वी, हे माझ्या शिक्षणात कुठेच आलेले नव्हते. मला ठाऊक होती ती गोष्ट मी केली. सोप्या आकृत्यांचे एक पत्रक काढून मी ते वाटले आणि शनिवारी कोपऱ्यावर उभा राहून हाताने खुणा करू लागलो. लोक शिकू लागले. मला बरे वाटत असतानाच अ‍ॅडलीन रस्ता ओलांडून आली.

"तू त्यांना शिकवतोस कशाला?"

"अगं, शिकले नाहीत तर एक दिवस कुणाचा पाय जाईल."

"आणि शिकले तर माझी भट्टी जाईल! हे लोक माझ्या जर्दाळूसाठी येतात असं वाटतं तुला? ते व्हर्जिलला आपटताना बघायला आले होते." तिने माझ्या हातातल्या पत्रकाकडे पाहिले. "बरोबर तुझंच आहे, मायलो. म्हणून तर राग येतो."

मी पत्रके खिशात घातली, पुन्हा काढली, आणि शेवटी दुसऱ्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो.

त्यातच विरोधाचा अर्ज आला. उलटे पार्किंग रद्द करून रेघा पुसाव्यात अशी मागणी, आणि खाली तीनशे अठरा सह्या. गावाची वस्ती नऊशेची. पहिली सही व्हर्जिलची होती, आणि बहुतेक सह्या त्या खुर्च्यांवरच गोळा झाल्या होत्या.

आठ ऑगस्टला नगरसभेची बैठक भरली. रॉइसने अर्ज वाचला आणि चष्मा काढला. "व्हर्जिल, तुमचं नेमकं म्हणणं काय?"

व्हर्जिल उठला. "या रेघा शुद्ध मूर्खपणा आहेत. ज्याने काढल्या त्याला डोकं कमी, पट्टी जास्त." सगळे माझ्याकडे वळून हसले. "पण पुसू नका."

"मग सही कशाला केलीत?"

"विरोध आहे म्हणून."

"मग पुसूया?"

"खबरदार!"

टाळ्या पडल्या. त्या कशासाठी, हे टाळ्या वाजवणाऱ्यांनाही सांगता आले असते असे मला वाटत नाही. रॉइसने विषय सप्टेंबरच्या बैठकीवर ढकलला आणि बाहेर पडताना माझा दंड धरला. "मामा, हे लोक भांडताहेत की मजा करताहेत?"

"मी पार्किंग आखलं," मी म्हणालो. "लोक आखले नाहीत."

सव्वीस ऑगस्टला व्हायचे तेच झाले. सकाळभर एकही गाडी चुकली नाही. म्हाताऱ्या आज्याही एका दमात मागे शिरल्या. कागदी बश्या मांडीवरच राहिल्या, लोक लवकर उठून गेले, आणि मधल्या काळात एकोणचाळीसपर्यंत पोचलेला अ‍ॅडलीनचा आकडा एकतीसवर थांबला. बंद करताना तिने फक्त भट्टीच्या दारावरून ओला फडका फिरवला, दोनदा.

आता रेघा पुसल्या तरी गंमत संपणार होती आणि ठेवल्या तरी संपलेलीच होती. आठवडाभर विचार करून मला एकच उपाय सुचला आणि तो मला शोभणारा नव्हता: मीच चुकायचे. ज्याने रेघा आखल्या तोच पिंपावर आदळला, तर गाव महिनाभर बोलेल.

दोन सप्टेंबरला, नऊच्या ठोक्याला, मी बेकरीसमोर आलो. गाडी पुढे नेली, थांबलो, आणि आयुष्यात प्रथमच मुद्दाम चुकीच्या बाजूला चाक वळवले. गाडी दोन्ही रेघांवर आडवी झाली. पिंप धाडकन कलंडले. हशाची वाट पाहत मी स्टिअरिंग धरून बसलो.

कुणी हसले नाही. मी आरशात पाहिले. खुर्च्या नेहमीपेक्षा जास्त होत्या, परंतु त्यांच्या पाठी रस्त्याकडे होत्या. चार-चार, सहा-सहा खुर्च्या गोल करून लोक समोरासमोर बसले होते. एका गोलात गप्पांमध्ये कुणाच्या तरी गुडघ्याची शस्त्रक्रिया चालली होती, दुसऱ्यात फुटबॉल, तिसऱ्यात सुट्टीला माहेरी आलेल्या लेकीबाळी. माझ्याकडे एकट्या व्हर्जिलने मान वळवली.

"मायलो, गाडी नीट लाव. बायकांची वाट अडतेय," तो म्हणाला आणि गुडघ्याकडे परतला.

मी गाडी सरळ केली, पिंप उभे केले, सांडलेली माती हाताने भरली. लोक कशासाठी आले होते? जोडसुट्टी होती म्हणून? व्हर्जिलने भट्टी न्यायला येणाऱ्या ट्रकची बातमी गावभर केली म्हणून? की गेल्या शनिवारी पाहायला काहीच न उरल्यामुळे त्यांनी एकमेकांकडे पाहिले म्हणून? मी दोघा-तिघांना विचारलेही. प्रत्येकाने मला खुर्ची सरकवली आणि वेगळेच काही सांगितले.

दारात अ‍ॅडलीन उभी होती. तिच्या मागचे ट्रे रिकामे होते.

"काय चाललंय हे, मायलो?" तिने हळूच विचारले.

"मला कळत नाही."

"मलाही." तिने एप्रनला हात पुसले. "फोन कुठे ठेवला मी? लिंकनच्या त्या गृहस्थाला कळवायला हवं."

शनिवार, २ सप्टेंबर, दुपारी बारा: सेहेचाळीस डझन.