शेंड्यांवरची जमीन

तुम्ही झाडांचे शेंडे जमीन म्हणून खपवलेत. नदीच्या वळणावरचा जो तुकडा पुराच्या नकाशात तुम्ही पांढरा, म्हणजे सुरक्षित, दाखवलात, तो सुरक्षित नाही. हे बाहेरचं कुणी सांगत नाहीये. मी तुमच्याच कार्यालयात आहे. पुराचं पाणी कुठवर येईल ते संगणकावर मांडणारी मॉडेलं तपासणं हेच माझं काम.

त्या तुकड्यावर माझी ताई पाळणाघर हलवणार होती. बैठं घर, भोवती गर्द झाडी. नकाशा पांढरा म्हणून तुम्ही परवाना दिलात. जुनी जागा सोडते, असं ती मालकाला सांगूनही बसली.

मला खटकलं ते एवढंच, की मॉडेलात आजूबाजूला सगळं सपाट आणि ऐन वळणावर जमीन दोन मजले वर चढलेली. उपग्रहाला वरून पानं दिसली, त्याने पानांचीच उंची मोजली. खालची माती त्याने पाहिलीच नाही.

आमच्या विभागाच्या साहेबांकडे गेले.

"तीन मॉडेलं लावलीत ना आपण? तिन्ही कोरडं दाखवतात. तिघंही खोटी?"

"तिघांना उंचीची माहिती एकच दिलीय, साहेब. एकाने सांगितलं, तिघांनी ऐकलं, आणि आपण साक्षीदार तीन धरले."

"मागच्या पुराशीही ताडून पाहिलंय. जुळलं की!"

"तो पुराचा फोटोही वरूनच काढलेला. झाडाखालचं पाणी त्यात तरी कुठून दिसणार?"

साहेबांनी फाइल मिटली. "नकाशावर सही झालीय, बाई. एका झाडीपायी सगळंच मुसळ केरात घालायचं का?"

मग रजा टाकली, पातळी मोजायचं यंत्र घेतलं आणि ताईला पट्टी धरून त्या घराच्या अंगणात उभं केलं.

"सरळ धर गं."

"सरळच आहे. तूच नीट बघ. किती?"

"रस्त्यापेक्षा कमरेइतकं खाली."

"पण नकाशात तर..."

"नकाशात तू शेंड्यावर आहेस."

"शेंड्यावर माकडं राहतात. माझी पोरं रांगतात!"

हसली, आणि तिथेच उंबऱ्यावर बसली. आतल्या भिंतींवर तिने आधीच बदकं रंगवून ठेवली होती. त्यांच्याकडे बघून म्हणाली, "एवढीच तरतील."

जुन्या मालकाने जागा दुसऱ्याला दिली होती. आता पाळणाघर तिच्या राहत्या दोन खोल्यांत. अर्ध्या पोरांना नाही म्हणावं लागलं. त्यांच्या आया तिला रस्त्यात ओळख दाखवत नाहीत. सरकारी नकाशात पांढरं असताना हिलाच मेलीला कसली धास्ती, असं बोलतात. नकाशाला कोण बोलणार?

मोजलेली उंची घालून मी मॉडेल पुन्हा चालवलं. साध्या पुरातही खिडकीपर्यंत पाणी. अहवाल दिला. तुम्ही 'नोंद घेतली' असा शेरा मारून परत पाठवलात. आणि गेल्या आठवड्यात त्याच घराला नवा परवाना दिलात. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची सोय. खाटा तळमजल्यावर, कारण दुसरा मजलाच नाही.

पोरांना काखोटीला मारून पळता तरी आलं असतं. पाणी आत शिरेल तेव्हा या माणसांना कोण उचलणार, आणि कुठे नेणार? नोंद नको. नावानिशी सांगा.