खंडेनवमीला पुजलेली डिस्क

साहेब, ती डिस्क कुशाबाईनं नाही बुडवली. तुम्ही बुडवलीत. घमेलं तिचं होतं, पाणी तिच्या नळाचं होतं, हातही तिचेच. तरी पाप तुमच्याच टेबलावरचं आहे. कसं ते कुशाबाईचा शेजारी म्हणून सांगतो, आणि चारचौघांत सांगतो.

कुशाबाईचा लेक बिरू चाकणच्या एका वर्कशॉपात पॉवर प्रेसवर होता. प्रेसच्या तोंडाशी सेन्सर असतो. माणसाचा हात आत असला की प्रेस खाली येतच नाही. पण सेन्सरमुळं माल सावकाश निघतो, म्हणून सुपरवायझरनं वायर टाकून तो बंद केला. बिरू नको म्हणाला. सुपरवायझरनं आईवरून शिवी देऊन त्याला मशीनवर उभा केला. दुपारच्या चहाच्या आत बिरूच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. कंपनीनं कागदावर काय लिहावं? कामगारानं लवकर काम उरकायला सेन्सर स्वतःच बंद केला होता.

हे खोटं आहे हे शॉपमधल्या कॅमेऱ्यानं टिपलं होतं. केबिनमध्ये बसणारा गणराज बिरूचा गाववाला. त्यानं नोकरी पणाला लावून ते रेकॉर्डिंग एका लोखंडी हार्ड डिस्कवर उतरवलं आणि बिरूच्या बहिणीकडं, हर्षालीकडं दिलं.

"मोबाईलवर घेऊ नको गं बाई," तो म्हणाला. "ग्रुपवर फिरलं की मी घरी बसलोच. आणि ही सांभाळ. कॅमेऱ्याच्या डब्यातलं जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं. थोड्या दिवसांनी तिथं काय बी नसणार."

म्हणजे त्या घराची सगळी अब्रू तळहाताएवढ्या डबीत आली. बिरू मूर्ख होता का त्याला जबरदस्तीनं उभा केला होता, एवढंच ठरायचं होतं, आणि ते त्या डबीत होतं.

हर्षाली आकुर्डीत डेटा एंट्रीचं काम करते. अर्धा दिवस रजा टाकून ती बिरूच्या दाव्यासाठी डिस्क घेऊन तुमच्या कामगार कार्यालयात आली. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "सिस्टिम बंद आहे. संगणकावर चढवल्याशिवाय पुरावा जमा होत नसतो. परत या."

ती निघाली तशी तुम्हीच मागून हाक मारलीत. "आणि ऐका. ती उघडायची नाही, कॉपी करायची नाही. छेडछाड केली म्हणून समोरचा वकील उडवून लावेल."

तिनं ते देवाच्या शपथेसारखं पाळलं. कॉम्प्युटरवर पोट भरणारी पोरगी, पण एकदासुद्धा लावून बघितलं नाही. दुसऱ्यांदा आली तेव्हा तुमची सिस्टिम दुरुस्तीवाल्याची वाट बघत होती. तिसऱ्यांदा आली तेव्हा नवरात्र होतं, निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि तुमच्या निळ्या पडलेल्या स्क्रीनवर शिपायाचा रुमाल वाळत होता.

"साहेब, एका कागदावर लिहून नुसती ठेवून तरी घ्या," ती म्हणाली.

"असं होत नसतं. दसऱ्यानंतर या."

दसऱ्याच्या आधी खंडेनवमी येते साहेब. तुमच्याही घरी येत असेल.

हर्षाली कामावर गेलेली. कुशाबाईनं अंगण सारवलं, कोयता, विळा, खुरपं, बिरूचा पाना, सगळं काढलं. मग देव्हाऱ्यात लाल फडक्यात बांधलेली डिस्कही काढली. आता घरातलं खरं हत्यार तेच. कोयत्यानं कुणाचं काय वाकडं होणार होतं? आणि लोखंड पुजायचं तर आधी धुवायचं, हे तिला आईनं शिकवलेलं, आईला तिच्या आईनं. तिनं घमेल्यात कोयत्याबरोबर डिस्कही खळखळून धुतली, पदरानं पुसली, पाटावर मांडली. हळदीकुंकू, झेंडू, नारळ. हात जोडून म्हणाली, "माझ्या लेकाची बाजू राख."

संध्याकाळी हर्षाली आली आणि उंबऱ्यातच थबकली. डिस्कच्या खाचेत ओली हळद बसली होती.

"आये, हे काय केलंस?"

"पुजली. का गं?"

"धुतलीस?"

"मग? लोखंड धुतल्याबिगर पुजत न्हाईत. तुला ठावं न्हाई व्हय?"

हर्षालीनं झडप घालून डिस्क उचलली. आणि भीतीच्या भरात तिनं नको ते केलं. तुमचा हुकूम पहिल्यांदाच मोडून तिनं डिस्क लॅपटॉपला लावली. आतून आवाज आला. टक. टक. टक. वाळलेल्या शेंगेत दाणा हलावा तसा. मग तोही थांबला.

दसरा उलटताच मायलेकी आकुर्डी स्टेशनजवळ रविराजच्या दुकानात गेल्या. रविराज मूळचा लातूरकडचा, मेलेले कॉम्प्युटर उठवणं हाच त्याचा धंदा. डिस्क हातात घेऊन तो हसला. "हिचं लगीन लावलं का काय ताई? हळद बी लागलीया!"

कुणी हसलं नाही. हर्षालीनं सगळं सांगितलं. रविराज खाली मान घालून स्क्रू काढत बसला. त्यानं दुसऱ्या तसल्याच डिस्कची सर्किटची पाटी काढून हिला लावली. पुन्हा तेच टक टक. "आता आत काय राहिलंय ते बघू," म्हणून त्यानं झाकण उघडलं. आतली आरशासारखी चकती दिव्याखाली धरली. तिच्यावर गोल गोल ओरखडा होता, जात्याच्या पाळीसारखा.

"भिजली होती तवर बी आशा होती," तो हळूच म्हणाला. "पाण्यासकट चालू केली ना, आतली सुई चकतीवर घासली. पुसलेलं मी काढून देतो ताई. खरवडलेलं कुठून काढू?"

"पुण्यात कुणी? मुंबईत?"

"पाठवा की. नको कशाला म्हणू? पण मी तुमाला खोटी आशा देणार नाही."

कुशाबाईला एवढंच कळलं की काहीतरी संपलं. तिनं त्या चकतीत वाकून बघितलं. तिथं तिचाच चेहरा दिसत होता, ओरखड्यानं कापलेला.

"ह्यात बिरूचा हात धड व्हता ना गं?" तिनं विचारलं. "मी धुतला त्यो."

"तू नाही आये. मी लावली ती." हर्षाली म्हणाली. पण म्हातारीला ते पटलं नाही. त्या दिवसापासून ती घरात पाण्याला हात लावायला घाबरते. भांडी बिरू घासतो, डाव्या हातानं.

मग हर्षाली तुमच्याकडं आली. आठवतंय? तुमचा चेहरा खुलला होता. "बरं झालं आलात. आज सिस्टिम चालू आहे. आणलंय का?"

तिनं झाकण उघडलेली डिस्क टेबलावर ठेवली. खाचेतली हळद तुमच्या काचेवर सांडली. तुम्ही ती आधी फुंकर मारून उडवलीत, मग म्हणालात, "पुराव्याची काळजी घेणं ही तुमची जबाबदारी होती."

"म्हणून तर तुमच्याकडं आणली होती," ती म्हणाली. "तीनदा."

 तुम्ही मागच्या माणसाला पुढं बोलावलंत. ती उभीच राहिली, शिपायानं दंडाला धरेपर्यंत.

कंपनीचा कागद अजून तसाच आहे. त्यात बिरू अजून मूर्ख आहे. कॅमेऱ्याच्या डब्यातलं कधीच पुसलं गेलं, आता दुसरा पुरावा नाही, म्हणून विचारायला फक्त तुम्हीच उरलात. सिस्टिम बंद होती, मान्य. टेबल होतं, कपाट होतं, कुलूप होतं, शाई होती. त्या पोरीनं पुढं केलेली वस्तू हातात घेऊन आत ठेवायला काय लागत होतं? तुमची बोटं तर शाबूत आहेत ना साहेब? मग का नाही घेतलीत? बोला.