ओझेलचं घर

एकोणीस जूनला, अमेरिकेतल्या गुलामांच्या सुटकेच्या दिवशी, नगरपालिकेने पहिल्यांदाच सुट्टी दिली. बागेत मांडव घातला. माझी शेजारीण मिस ओझेल टिलमन हिचा सत्कार होता, कारण तिचं घर तिच्या पणजोबांनी सुटका झाल्यावर स्वतःच्या हातांनी बांधलेलं. ती पिवळी टोपी घालून गेली. गुडघा धरल्यामुळे मी घरीच होते.

दहाच्या सुमाराला गल्लीत बुलडोझर आला. चालक रेजी, आमच्याच चर्चमधल्या लुएलाचा मुलगा. पाडायचं होतं ओझेलच्या पलीकडचं पडीक घर, पण नगरपालिकेने ठेकेदाराला पत्ता ओझेलचा दिला होता.

मी काठी टेकत धावले. "अरे, खिडकीत पडदे दिसत नाहीत का तुला?"

"दिसतात, मिस कोरा. म्हणूनच विचारतो." त्याने नगरपालिकेला फोन लावला आणि माझ्या कानाशी धरला. रेकॉर्ड केलेला एका बाईचा गोड आवाज सांगत होता, आज स्वातंत्र्याच्या सन्मानार्थ कार्यालय बंद आहे.

मग त्याने ठेकेदाराला विचारलं. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "सुट्टी त्यांना, तुला नाही. पाड, नाहीतर उद्या येऊ नकोस."

घरात दोन लेकरं असलेला माणूस तो. आधी आत जाऊन कुणी नाही ना हे बघून आला, भिंतीवरचे फोटो काढून माझ्या ओट्यावर ठेवले. मग पाडलं.

ओझेल हातात फुलं घेऊन परतली. ती रडली नाही. ढिगाऱ्यात वाकून तवा शोधू लागली. तवा काही सापडला नाही.

पुढे नगरपालिकेचा वकील आला. नवं घर मिळेल, म्हणाला, फक्त चालकाने कुणाला न विचारता पाडलं असं लिहून द्या.

"त्याने फोन केला होता, ओझेल," मी म्हटलं. "माझ्या कानाशी धरला होता."

"मग मी राहू तुझ्याकडे? मरेपर्यंत?"

माझ्या दोन खोल्यांत मी, मुलगी आणि तिचा नवरा. मी नजर काठीकडे वळवली.

"बघ," ती म्हणाली आणि सही केली.

रेजीचा परवाना गेला. तो बायकापोरांना घेऊन गाव सोडून गेला. लुएला आता चर्चमध्ये मागच्या बाकावर बसते. ओझेल तिला अजून नमस्कार करते. लुएला मान फिरवते.