शेरीफच्या सासूची शेवटची फेरी

आमच्या नेमबाजीच्या मैदानात खऱ्या नावानं कुणी कुणाला हाक मारत नाही. फाटकातून आत आलं, डोक्यावर हॅट चढली आणि कमरेला पिस्तुलांचा पट्टा आला की माणूस आपल्या टोपणनावाचा होतो. मी जन्मभर विहिरी खोदल्या, म्हणून मी 'कोरडी विहीर'. माझा शेजारी थर्मन सैन्यात बटाटे सोलायलासुद्धा कधी गेला नाही, पण इथं तो 'कर्नल बिस्किट'. आणि माझी बायको व्हर्लीन म्हणजे 'शेरीफची सासू'. हे नाव तिनं स्वतःच घेतलं. "सगळे शेरीफला घाबरतात. पण शेरीफ कुणाला घाबरतो?" असं ती नव्या माणसाला विचारते, आणि तो हसला की पुढच्या फेरीत त्याला हरवते.

आमच्या घरात नेमबाज ती. मी तिचा दारूगोळा भरतो. विलकॉक्स गावाच्या आसपास असे बरेच नवरे आहेत, पण माझ्याइतकी चांगली काडतुसं भरणारा एकही नाही. हे मी नम्रपणे सांगत नाहीये. विहिरीत पाणी लागेल की नाही हे देवाच्या हाती होतं, पण काडतूस वाजेल की नाही हे माझ्या हाती आहे.

खेळ साधाच. जुन्या घडणीची दोन पिस्तुलं, एक रायफल, एक दुनळी आणि समोर लोखंडी पाट्या. नेमबाजाच्या खांद्याशी एक माणूस टायमर घेऊन उभा राहतो, आणि तिघं जण चुकलेल्या गोळ्या मोजतात. पाटी चुकली की वेळेत पाच सेकंद वाढतात. दोन दिवसांच्या वार्षिक सामन्यात ज्याची एकही पाटी चुकत नाही त्याला पत्र्याचा एक बिल्ला मिळतो. बाजारात त्याचे पन्नास सेंटही येणार नाहीत. थर्मनकडे असे चार आहेत, ते हॅटला लावून तो किराणा आणायलाही जातो. व्हर्लीनकडे एकही नाही. दरवर्षी कुठंतरी एक पाटी चुकायचीच. एकदा तर शेवटच्या गोळीच्या वेळी मधमाशी कानात शिरली.

आणि यंदाचं वर्ष शेवटचं होतं. आमच्या पिस्तुलाचा घोडा प्रत्येक गोळीला अंगठ्यानं मागं ओढावा लागतो, आणि तिच्या उजव्या अंगठ्याचा सांधा पार झिजलाय. ऑक्टोबरात शस्त्रक्रिया ठरली होती. डॉक्टर म्हणाला होता, त्यानंतर भाजी चिरा, पत्ते खेळा, पण घोडा ओढायचं विसरा. "म्हणजे यंदा बिल्ला," एवढंच ती गाडीत बसता बसता म्हणाली होती. त्यानंतर आम्ही दोघांनीही तो विषय काढला नाही.

तिची काडतुसं भरायला मी ऑगस्टातच बसलो. माझ्या बाकाचा एक कायदा आहे. यंत्राचा दांडा हलत असताना बोलायचं नाही. पितळी पुंगळीत ठिणगी पाडणारी टिकली बसते, मग दारू पडते, मग वर शिशाची गोळी दाबली जाते. दांड्याचा एक झटका अर्धवट राहिला तर दारूविनाच गोळी बसते, आणि वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. असं काडतूस उडवलं तर नुसत्या टिकलीच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यापर्यंत जाऊन अडकते. त्यामागून दुसरी उडवली तर नळी फाटते, आणि नळीमागं हात असतो. म्हणून घराला आग लागली तरी व्हर्लीन हातातलं काडतूस पुरं होईपर्यंत दारात थांबते.

थर्मन मात्र थांबत नाही. काखेत दुकानातलं नवंकोरं खोकं मारून तो गॅरेजात आला आणि माझ्या फळीवर टेकला.

"काय रे विहिरी, अजून शिसं चाटतोयस? हे बघ. पन्नास काडतुसं, पंचेचाळीस डॉलर. हात काळे नाहीत, पाठ दुखत नाही."

"म्हणजे नव्वद सेंटला एक," मी म्हणालो. "माझं पंचविसात बसतं. टिकली, दारू, गोळी, सगळं धरून."

"आणि पुंगळी?"

"ती फुकट. तू टाकतोस, मी उचलतो. माझी अर्धी बचत तुझ्या खिशातून होते, कर्नल."

"आणि या यंत्राचे सहाशे? साच्यांचे? तराजूचे? आणि तुझे तास? ताशी दहा डॉलर जरी धरलेस ना, तरी तुझं काडतूस माझ्याहून महाग पडतं."

"माझे तास विकत घ्यायला दारात कोण उभं आहे?"

"बरं, मग एवढ्या वर्षांत वाचवलेस किती, ते सांग की!"

इथं मी अडकलो, कारण खरं उत्तर या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. वाचत काहीच नाही. तेवढ्याच पैशात गोळ्या चौपट उडतात. पण थर्मनसमोर हे कबूल करण्यापेक्षा मी कच्ची मिरची चावून खाल्ली असती. म्हणून मी वाद घालत राहिलो, आणि घालता घालता लक्षात आलं की तोंडाबरोबर हातही चालू आहे. दांडा वर-खाली होत होता.

मी थर्मनला हाकललं. बोलताना भरली असतील असं वाटलं ती सगळी काडतुसं पुन्हा उघडली. प्रत्येकात दारू होती, अगदी मापात. पण नेमकं कुठल्या काडतुसापासून मी बोलायला लागलो होतो? खोक्यात त्यांच्या आधीही काही पडली होती. मी मनाला समजावलं, आणि ते खोकं तिच्या सामानात ठेवलं.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही शेवटच्या फेरीला उभे होतो. व्हर्लीनची तोवर एकही पाटी चुकली नव्हती. हे सगळ्या गटाला माहीत होतं, आणि म्हणूनच कुणी तोंडातून काढत नव्हतं. थर्मनसुद्धा गप्प होता, यावरून समजा. वारा सुटला होता, धूळ उडत होती. टायमर माझ्या हातात होता, कारण बायकोच्या फेरीला टायमर मीच धरतो, ही आमची जुनी पद्धत.

प्रत्येक फेरीच्या आधी नेमबाजानं एक ठरलेलं वाक्य म्हणायचं असतं. व्हर्लीननं हात पट्ट्याशी आणले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "हे घोडं विकायला नाही!"

मी बटण दाबलं. दुनळी झाली, चारही पाट्या पडल्या. रायफल झाली, दहाच्या दहा. पहिलं पिस्तूल झालं. घोडा ओढताना दर वेळी तिचा खांदा वर येत होता. दुखायला लागलं की तिचा खांदा असा येतो, मला माहीत आहे. दुसऱ्या पिस्तुलाची पहिली गोळी गेली, पाटी वाजली. दुसरी गेली, पाटी वाजली. तिसरीला शेजारच्या मैदानात कुणाची तरी दुनळी धडाडली, आणि त्या आवाजाखाली व्हर्लीनचं पिस्तूल मला हलकं वाजल्यासारखं वाटलं. पाटीचा आवाज आलाच नाही. किंवा आला असेल, मला ऐकू आला नाही.

तिचा अंगठा घोड्यावर चढला होता.

"थांब!" मी ओरडलो. "व्हर्लीन, थांब!"

ती जागच्या जागी थांबली. तिनं पिस्तूल समोरच्या फळीवर अलगद ठेवलं आणि माझ्याकडे वळली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असा चेहरा मी पाहिला नव्हता.

"काय झालं?"

"पोकळ वाजली."

"माझ्या हाताला तर बरोबर लागली."

"मला पोकळ वाटली."

आमच्या खेळात याचा नियम स्पष्ट आहे. थांबवल्यावर नळीत गोळी अडकलेली निघाली, तर उरलेल्या गोळ्या चुकल्या म्हणून धरायच्या. म्हणजे बिल्ला गेला. नळी मोकळी निघाली, तर आधीचं सगळं पुसायचं आणि फेरी पहिल्यापासून पुन्हा मारायची. आणि तिच्या अंगठ्यात आणखी एक फेरी उरली होती का, हे तिलाच ठाऊक. कसंही निघालं तरी मी तिचं नुकसानच केलं होतं. शिवाय माझं काडतूस मला स्वतःलाच पोकळ वाटलं, हेही चारचौघांसमोर जाहीर करून बसलो होतो.

मोजणाऱ्यांपैकी एक जण म्हणाला, पाटी हलली. दुसरा म्हणाला, धूळ होती, दिसलं नाही. थर्मननं पितळी गज आणला. पिस्तूल रिकामं करून त्यानं तो नळीत घातला. गज सरळ दुसऱ्या टोकाला बाहेर आला.

"मोकळी आहे," थर्मन म्हणाला. "पुन्हा फेरी."

मला बरं वाटायला हवं होतं. पण व्हर्लीन डाव्या हातानं उजवा अंगठा चोळत काडतुसं भरायच्या टेबलाकडे निघाली होती, आणि मला काही बरं वाटलं नाही.

टेबलाशी मी तिच्या शेजारी उभा राहिलो. तिनं माझं खोकं उघडलं, तसा मी त्यावर हात ठेवला.

"यातली नको."

"का?"

"मी भरत असताना थर्मन आला होता. आम्ही भावावरून वाद घालत बसलो. मी बोलत होतो, व्हर्लीन, आणि दांडा चालू होता. काही उघडून पाहिली, ती ठीक होती. पण सगळी नाही पाहिली."

मला वाटलं आता ती फाडून खाईल. थर्मनही ऐकत होता. त्यानं आपलं नवं खोकं पुढं सरकवलं, आणि एरवी फिदीफिदी हसणारा हा माणूस अगदी हळू म्हणाला, "ही घे, वहिनी. दोष माझाही आहे. डोळे मिटून मार."

व्हर्लीननं त्या खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मला थांबवताना तुला माहीत होतं? मोकळी निघेल म्हणून?"

"नाही."

"बिल्ला जाऊ शकतो, हे माहीत होतं?"

"हो."

"आणि तुझं नाक कापलं जाईल, हे?"

"हो गं. आता किती विचारशील?"

"झालं, संपलं." तिनं माझा हात बाजूला केला आणि माझ्या खोक्यातलं काडतूस उचलून पिस्तुलाच्या चक्रात सरकवलं. "थर्मन, तुझं खोकं उचल. पोकळ निघाली तर हा मला थांबवेल. आत्ताच थांबवलं ना यानं? तुझ्या दुकानवाल्याला माझ्या मागं उभं राहता येईल का?"

"वेडी आहेस," मी म्हणालो.

"म्हणून तर तुझ्याबरोबर राहते. चल, टायमर उचल. आणि या वेळी कान नीट उघडे ठेव, म्हाताऱ्या."

छाती फुगणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. माझी काडतुसं कधी चुकत नाहीत असं तिनं म्हटलं असतं तर मी खूश झालो असतो, पण खोटा खूश झालो असतो. तिनं त्याहून मोठी गोष्ट सांगितली होती, आणि तीही थर्मनसमोर.

"हे घोडं विकायला नाही!" या वेळी तिचा आवाज अर्धा मैल गेला असेल.

दुनळी झाली. रायफल झाली. ती घाई करत नव्हती. पिस्तुलाला आल्यावर पहिल्या दोन गोळ्यांनंतर तिचा उजवा अंगठा घोडा ओढेचना. ती थांबली, डावा हात वर आणला आणि डाव्या अंगठ्यानं घोडा ओढला. एक गोळी, एक श्वास. पुन्हा घोडा, पुन्हा गोळी. टायमरवर सेकंद धावत होते. प्रत्येक आवाज मी असा ऐकत होतो, की विहिरीच्या तळाशी पाण्याचा आवाज ऐकतानाही कधी इतका कान दिला नसेल. भरलेला आवाज, मग पाटी. भरलेला आवाज, मग पाटी.

शेवटची गोळी उडाली. पाटी वाजली, आणि ती मी नीट ऐकली.

पिस्तूल पट्ट्यात घालून ती मोजणाऱ्यांकडे वळली. आमच्याकडे जितक्या पाट्या चुकल्या तितकी बोटं वर करतात, आणि एकही चुकली नसेल तर मूठ. पहिल्यानं मूठ वर केली. दुसऱ्यानं केली. तिसरा थोडा थांबला, मला वाटतं मुद्दामच, आणि मग त्यानंही मूठ वर केली.

थर्मननं हॅट काढून हवेत भिरकावली, बिल्ल्यांसकट. गट ओरडायला लागला. व्हर्लीन माझ्यासमोर दोन्ही हात एकमेकांत धरून उभी होती, दुखत असणार, पण हसत होती.

"अरे, वेळ सांग ना," ती म्हणाली. "सगळे थांबलेत."

मला आकडा दिसत नव्हता. डोळ्यांत धूळ गेली होती असं मी नंतर सांगितलं, आणि कुणाचाही विश्वास बसला नाही. मी बाहीनं डोळे पुसले आणि टायमर नाकाशी धरला. दोन मिनिटं आणि वर अकरा सेकंद. आमच्या मैदानात त्या दिवशी याहून हळू फेरी कुणी मारली नव्हती. चांगला नेमबाज अर्ध्या मिनिटात मोकळा होतो.

मी छाती भरून श्वास घेतला आणि तो वेळ असा ओरडून सांगितला, की शेजारच्या मैदानातले लोक बंदुका ठेवून बघायला आले, कुणी विक्रम मोडला ते.