उंबऱ्यातला ढेकळ्या

मास्तरीणबाई हे नाव तिला नवऱ्याने थट्टेत ठेवलं होतं. ते असं चिकटलं की संस्थेतली माणसंही तिला त्याच नावाने हाक मारू लागली. रस्त्यावर सापडलेली, कुणी टाकून दिलेली, मार खाल्लेली कुत्री ती संस्था सांभाळायची आणि बरं घर मिळालं की देऊन टाकायची. पण कुत्रं घरी नेणं सोपं, ते घरात रुळणं कठीण. तिथून पुढचं काम मास्तरीणबाईचं. ती त्या घरी जायची, कुत्र्याला माणसांची आणि माणसांना कुत्र्याची सवय लावायची. कुत्री लवकर शिकत. माणसांना वेळ लागे, कारण माणसांना सगळं आधीपासूनच येत असतं.

महिन्याभरापूर्वी अशाच एका घरी तिला कुत्रं चावलं. चूक कुत्र्याची नव्हती. एका पाहुण्याने मागून येऊन त्याची शेपटी धरली आणि नेमका तिचा हात त्याच्या तोंडापाशी होता. डाव्या हाताला मनगटापासून वरपर्यंत टाके पडले. पुढे टाके निघाले, जखम भरली, डॉक्टरांनी खुशाल कामाला लागा म्हणून सांगितलं. ती काही लागली नाही. "अजून ठणकतो," असं सगळ्यांना सांगून ती घरात बसूनच फोनवर सल्ले द्यायची.

हात ठणकत नव्हता. खाली रस्त्यावर एखादं कुत्रं भुंकलं की तिच्या घशाला कोरड पडायची आणि डावा हात आपोआप पोटाशी जायचा. उभं आयुष्य कुत्र्यांत काढलेली बाई कुत्र्याला भिते, हे सांगणार कुणाला? नवऱ्यालाही तिने सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी ती आणि सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या, तेवढ्यात फोन वाजला. शिवणकाम करणाऱ्या बाईंचा होता. नवरा जहाजावर, वर्षातले बरेच महिने घरात एकट्याच, म्हणून या बाईंनी मागच्या आठवड्यात संस्थेतून एक कुत्रा नेला होता. चांगला थोराड, मातकट रंगाचा, एक कान फाटलेला. संस्थेत दिवसभर कोपऱ्यात हलायचं नाव न घेता पडलेला असायचा, म्हणून त्याचं नाव पडलं ढेकळ्या.

"बाई," पलीकडचा आवाज इतका हळू होता की तिला फोन कानात खुपसावा लागला. "मी स्वयंपाकघरात आहे. हा मला बाहेर जाऊ देत नाहीये."

"कुठे आहे तो?"

"दारात. अगदी उंबऱ्यावर उभा आहे. मी जरा पाऊल टाकलं की गुरगुरतो. दात दाखवतो हो. मघाशी झाडू पुढे केला, तर झाडूच धरला."

हे ऐकताना मास्तरीणबाईचा डावा हात पोटाशी गेला. तरी तिचा आवाज सवयीने शांत राहिला. "झाडू खाली ठेवा. त्याच्या डोळ्यांत बघू नका. ओट्याला टेकून, अंग जरा तिरकं करून उभ्या राहा. बोलू नका त्याच्याशी. घराला कडी आहे का आतून?"

"नुसतं लॅच आहे. दुसरी किल्ली खाली सलूनवाल्या काकांकडे असते." मग एक श्वास. "तुम्ही याल ना?"

मास्तरीणबाईने संस्थेतल्या दुसऱ्या शिकवणाऱ्याला फोन लावून पाहिला. तो परगावी एका घरी गेला होता, रात्रीशिवाय परतणार नव्हता. उरली नगरपालिकेची गाडी. ती माणसं फास टाकून कुत्रं ओढून नेतात. फास बघितला की ढेकळ्या चावणार, आणि चावला की त्याला कुणी परत घर देणार नाही. तिने पायात चपला सरकवल्या.

"कुठे निघालीस?" सासूबाईंनी घडी अर्धवट सोडली.

"एकीच्या घरी कुत्रा अडून बसलाय, आई."

"आणि हात?"

"बरा आहे."

"सकाळी तर ठणकत होता." सासूबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं म्हणतात, तसं तुझं आहे. मला काही तुझं लक्षण ठीक दिसत नाही. ओठ पांढरे पडलेत तुझे."

"येते मी," एवढंच म्हणून ती निघाली. रिक्षात बसल्यावर तिला कळलं, आपण सुरक्षेचे जाड हातमोजे घरीच विसरलो.

सलूनवाले काका एका गिऱ्हाइकाची दाढी अर्धी सोडून किल्ली घेऊन आले. "घाबरायचं काही काम नाही," ते जिना चढताना म्हणाले. "आपण लहानपणी वाघासारखी कुत्री पाळलीत. तुम्ही व्हा पुढे, मी आहे मागे." पहिल्या वळणावर वरून गुरगुर ऐकू आली. काका तिथेच कठड्याला धरून उभे राहिले आणि किल्ली त्यांनी हात लांब करून तिच्याकडे दिली.

किल्ली कुलपात जाईना. शेवटी दोन्ही हातांनी धरून तिने ती फिरवली आणि दार हातभर उघडलं.

समोर बाहेरची खोली. खिडकीशी शिवणयंत्र, त्यावर कुणाची तरी अर्धी उसवलेली पँट. भिंतीला लागून कापड बेतायचं मोठं टेबल, त्याखाली कुत्र्याचं अंथरूण. इस्त्रीचं लांब टेबल आडवं पडलेलं. आणि पलीकडे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, तिच्याकडे पाठ करून ढेकळ्या. त्याच्या अंगावरून स्वयंपाकघरात ओट्याला चिकटून उभ्या असलेल्या बाई दिसत होत्या.

दाराचा आवाज ऐकून त्याने मान वळवली. वरचा ओठ मागे गेला. गुरगुर त्याच्या पोटातून येत होती, आणि मास्तरीणबाईला ती आपल्याच पोटात ऐकू आली. महिन्याभरापूर्वीचं सगळं एकदम अंगावर आलं. दात आत शिरतानाची ती विचित्र शांतता, नंतरची ओली उष्णता. तिची बोटं दाराच्या मुठीवर आवळली. ओढून घे, तिचं मन म्हणालं. बंद कर आणि खाली जा. गाडी बोलाव. तुला कुणी बोल लावणार नाही.

तिने दार थोडं ओढलंही.

"बाई?" आतून शिवणवाल्या बाई म्हणाल्या. त्यांनी नुसतं विचारलं. रडल्या असत्या तर कदाचित मास्तरीणबाई पळाली असती.

ती आत आली आणि दाराला पाठ लावून खाली बसली. उभं राहायला पायांत त्राणच नव्हतं, म्हणून बसली खरं तर. पण बसल्यामुळे तिला तो नीट दिसला. मागचे पाय लटलट कापत होते. शेपूट पोटाखाली घट्ट दडपलेलं. खाली हातरुमालाएवढं पायपुसणं, चारही पाय त्यावर कसेबसे गोळा केलेले, आणि पायपुसण्याच्या कडेने ओघळ आलेला. तो मुतला होता, जागचा न हलता.

तेवढ्यात त्याने तिच्यापासून दूर सरकायचा प्रयत्न केला. एक पंजा फरशीवर पडला, नखं करकरली, पाय दूर घसरला. तो छातीवर आपटता आपटता सावरला आणि पुन्हा त्या तुकड्यावर अंग चोरून उभा राहिला.

"खोलीतल्या सतरंज्या कुठे गेल्या?" तिने हळूच विचारलं.

"धुवायला टाकल्या सकाळी. त्याने घाण केली होती त्यांच्यावर. फरशी पण पुसली, पॉलिश लावून."

"आणि इस्त्रीचं टेबल कधी पडलं?"

"मी चहा ठेवायला आत आले आणि माझ्या मागे धाडकन पडलं. हा उडालाच. धावत आला तो या दारात."

मग सगळं लख्ख झालं. तो दार अडवून उभा नव्हता. तो तिथे अडकला होता. धक्क्याच्या भरात या गुळगुळीत फरशीवरून घसरत तो इथवर आला, पायाखाली खरखरीत काही लागलं तिथे थांबला, आणि आता त्याला मागे जाता येईना. मागे निसरडं, पुढे झाडू घेतलेली बाई. त्या बाई पाऊल टाकत तेव्हा त्याला पळायला जागा नव्हती, म्हणून तो दात दाखवत होता.

कळलं म्हणून भीती गेली, असं झालं नाही. घाबरलेलं कुत्रं सर्वांत लवकर चावतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तिने आजूबाजूला पाहिलं. बेतायच्या टेबलावर जाड पडद्याच्या कापडाची गुंडाळी होती. तिने बसल्या बसल्या टेबलापर्यंत सरकून, हात वर करून ती खाली ओढली.

"अहो, ते गिऱ्हाइकाचं आहे," आतून आवाज आला.

"मग गिऱ्हाइकाला सांगा, पडद्याला पाय फुटले."

टेबलाखालच्या अंथरुणापासून तिने कापड उलगडायला सुरुवात केली. गुडघ्यांवर सरकत, तोंड भिंतीकडे, एकेक वेढा सोडत. पाठीमागची गुरगुर कधी वाढे, कधी थांबे. थांबली की तिला जास्त भीती वाटे. सगळ्यांत वाईट होता तो शेवटचा तुकडा. कापडाचं टोक पायपुसण्याला भिडलं पाहिजे, नाहीतर मधल्या फरशीवर तो पुन्हा घसरला असता. टोक भिडवायचं तर हात त्याच्या तोंडाखालून न्यायला हवा होता. उजवीकडे भिंत होती. पोचत होता तो डावाच.

तिने डोळे मिटले नाहीत. खालच्या फरशीवर नजर ठेवून तिने बोटांनी कापड पुढे ढकललं. त्याचा श्वास मनगटावर लागला, गरम आणि जलद. मग नाक लागलं, ओलं. ते टाक्यांच्या वणावर आलं आणि तिथेच थांबलं. ती दगडासारखी बसली. तो हुंगत राहिला. मग नाक बाजूला झालं. तिने हात मागे घेतला, आपला हात पूर्ण आहे की नाही हे न बघता, आणि सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकली.

बराच वेळ काही झालं नाही. आत नळ ठिबकत होता. मग ढेकळ्याने कापडावर एक पंजा ठेवून पाहिला. घसरला नाही. दुसरा ठेवला. पोट जमिनीला घासत तो तिच्या समोरून गेला, टेबलाखाली शिरला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

"या आता बाहेर," ती म्हणाली. "कडेकडेने. त्याच्याकडे बघू नका."

शिवणवाल्या बाई बाहेर आल्या, त्या थेट दाराबाहेर. जिन्यात गेल्यावर त्या पायरीवर बसल्या. मास्तरीणबाई शेजारी टेकली. सलूनवाले काका पाणी घेऊन आले आणि म्हणाले, "मी येणारच होतो आत."

"मला नको तो," थोड्या वेळाने बाई म्हणाल्या. "वाईट वाटतं, पण मला नको. मी माझ्याच घरात भीतीने मेले असते."

"खरं आहे."

"तुम्ही समजूत नाही घालणार?"

"नाही. घरात भीत राहायचं कुणी?" मास्तरीणबाईने पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरला होता, तरी तो हलत होता. बाईंचं लक्ष तिकडे गेलं.

"तुम्हाला पण भीती वाटते?"

"हो."

"कधीपासून?"

"महिना झाला." हे पहिल्यांदाच ती कुणाला सांगत होती. "घरी हात दुखतो म्हणून सांगते."

"मग आलात कशाला?"

"तुम्ही आत होतात ना."

बाईंनी मागे वळून दाराकडे पाहिलं. "तो मला तुडवून आत येऊ शकला असता," त्या हळूच म्हणाल्या. "मला चावून. नाही आला."

"त्याला जमत नव्हतं."

"झाडू धरला, मला नाही धरलं." त्या उठल्या. "नेणार असाल तर आज नका नेऊ. आज पुन्हा जागा बदलली तर तो मरेल. उद्या बघू. पण तुम्ही उद्या यायचं. मी एकटी नाही राहणार त्याच्याजवळ."

संध्याकाळी तिने घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने थट्टा केली नाही. सासूबाईंनी तिच्या हातावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. तू सांगशील तेव्हा सांगशील म्हटलं."

दुसऱ्या दिवशी ती गेली, तेव्हा हातमोजे बरोबर होते. जिन्याच्या वळणावर ती कठड्याला धरून थांबली. आतून आवाज नव्हता, तरी थांबली. मग तिने बेल न वाजवता दारावर बोटाने हलकं टकटक केलं.

बाईंनी दार उघडलं. रात्रभर जागल्यासारखे त्यांचे डोळे होते. दारापासून टेबलापर्यंत आणि टेबलापासून स्वयंपाकघरापर्यंत त्यांनी जुन्या जाड कापडांचे तुकडे जोडून पट्टे शिवले होते आणि फरशीला चिकटवले होते. ढेकळ्या टेबलाखाली होता. तिला बघून तो एकदा गुरगुरला, अगदी खालच्या सुरात.

मास्तरीणबाई दारापाशीच बसली, अंग त्याच्यापासून जरा तिरकं करून. बाई यंत्रासमोर बसल्या आणि अगदी हळू, एकेक टाका टाकत शिवू लागल्या. तिघांचाही श्वास ऐकू येत होता. त्या दिवशी कुणी कुणाला हात लावला नाही.